टोनीची नखं

मी एक जुना, फाटक्या कानाचा कुत्रा आहे, मित्रांनो. रांझी गावच्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या फाटकामागे कोळशाच्या ढिगाजवळ जन्मलो. दरबान नीलकंठभाऊनं पोळीचा तुकडा टाकला अन् मी त्याचा झालो. लढाईचे दिवस होते, भोंगा दिवसरात्र वाजायचा. सायकलींच्या गर्दीत अनोळखी माणूस मी वासावरून धरायचो. लोक म्हणायचे, इस फाटक पे दो दरबान हैं. माझी छाती फुगायची.

मग टोनी आला. फौजेतल्या गोऱ्या साहेबानं इटलीहून जहाजातून आणलेला कुत्रा. साहेबाला बर्म्याला जायचं होतं, तर टोनीला नीलकंठभाऊकडे ठेवून गेला. म्हणे, परत येईन तेव्हा हा मला पाहिजे. बस, माझं राज्य गेलं. दूध त्याला, मऊ गोणपाट त्याला. टोनी चालला की सिमेंटवर टक टक वाजायचं, इतकी लांब नखं. नीलकंठभाऊची बायको शकुवहिनी हसायची, "बसून खाते नवाब, नखं झिजतील कशी?" सगळ्यांनी तेच मानलं. मी तर जास्तच जळलो. माझी नखं धावून धावून बोथट झालेली.

पण दूध पिऊनही टोनी वाळून राहिला होता. डोळ्यांभोवतीचे केस गेले, अंगातून कोंडा पडायचा. नाकातून रक्त आलं तेव्हा फौजेच्या जनावरांचे डॉक्टर आले, अच्युतजी. त्यांनी आधी नखंच पाहिली. म्हणाले, "नवाबी नाही ही. बिमारी आहे." मागच्या पायाच्या सुजलेल्या गाठीत सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, रंग टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिला. काळ्या आजाराचे जंतू निघाले, वाळूमाशी चावून आलेले.

इंजेक्शनं सुरू झाली. जंतू कमी होतात का हे बघायला परत परत गाठीतला थेंब. नाही झाले, तर टोनीला गोळी घालावी लागणार होती. दर सुईनंतर त्याला दूध, अन् डोक्यावर नीलकंठभाऊचा हात. मग मीही डॉक्टरांपुढे पाय ताणून पडलो. त्यांनी हसून माझाही थेंब घेतला. म्हणाले, "हा साफ आहे." साफ, म्हणून दूध नाही.

पुढे टोनीचे केस आले, अंग भरलं. नीलकंठभाऊला कारखान्यात डबल ड्यूटी लागली. बरा तर आहे, डॉक्टरकडे काहून न्यायचं, म्हणून सुई राहून गेली. दूधही बंद. मी खुश.

एक दिवस परत ऐकलं, टक टक. माझं डोकंच फिरलं. परत नवाबी? झेप घेतली अन् त्याचा पंजा तोंडात धरला. नीलकंठभाऊनं माझ्या कमरेत काठी घातली. मग रक्त आलं का, बघायला पंजा हातात घेतला. बघतच बसला.

"शकु," तो हळूच म्हणाला, "नखं परत वाढून राहिली."

लगेच टोनीला सायकलवर टोपल्यात बसवून डॉक्टरांकडे नेलं. थेंबात जंतू होते, पण थोडे. डॉक्टर म्हणाले, नीलकंठ, नजर तेज आहे तुझी. नजर त्याची, अन् कंबर माझी! इंजेक्शनं परत, दूधही परत, डॉक्टर बस म्हणेपर्यंत. लढाई संपली, साहेब आला. टोनी त्याच्या छातीवर उडाला. साहेबानं नीलकंठभाऊशी हात मिळवला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

आता म्हातारा झालो, कंबर अजून दुखते. मित्रांनो, कुत्र्याचं अंग भरलं म्हणून सुई थांबवू नका. डॉक्टर बस म्हणेपर्यंत थेंब तपासत राहा, नखं बघत जा. अन् बिमार कुत्र्याला दूध देता तेव्हा बाजूला एक साफ कुत्राही बसलेला असतो. त्याचीही वाटी ठेवा.