उंटावरचा राम

मित्रांनो, मी एक जुना पितळी थाळा आहे. माझं बालपण इराणात, इस्फहानच्या बाजारात हातोडीचे ठोके खाण्यात गेलं. कारागिरानं पुरातन चांदीच्या थाळ्यांवर असायची तशी शिकार माझ्यावर कोरली. उंटावर धनुष्य ताणलेला राजा, त्याच्यामागे एक सुंदर स्त्री, पुढे उधळलेली हरणं. काय रुबाब होता माझा! पुढे हात बदलत बदलत मी अमेरिकेत आलो आणि सनीव्हेलच्या एका गॅरेज सेलमध्ये मोडक्या टोस्टरशेजारी जाऊन पडलो.

२००४ साली नागपूरच्या संध्याकाकूंनी मला तिथून उचललं.

"अहो, बघा तरी! राम, सीता आणि कांचनमृग!"

त्यांचे यजमान मोरेश्वरकाका चष्मा सावरत म्हणाले, "अगं, पण राम उंटावर?"

"वनवासात मिळेल ते वाहन! तुम्ही कार आणा."

झालं, मी थेट देवघरात. रोज हळदकुंकू, रोज ताजं फूल. मी मनातून ओशाळायचो, पण खरं सांगतो, सुखावायचोही.

रामनवमीला काकूंनी शेजारच्या इराणी फरीदेबाईंनाही बोलावलं. मला पाहताच त्या खळखळून हसल्या. "हा तर आमचा बहराम राजा! शिकारीचा भारी शौकीन. मागे बसलीय ती आझादे, त्याची गायिका. माझ्या आजीकडे अस्सा थाळा होता. तिकडेच राहिला."

काकूंचा चेहरा पडला. देवघरात शिकारी! आता पुन्हा टोस्टरची सोबत, दुसरं काय!

काकूंनी मला पुसलं आणि बाईंपुढे धरलं. "मग हा तुमचाच. घेऊन जा, प्लीज."

"छे छे, तुमच्याकडेच शोभतो."

"अहो, घ्या हो!"

इराणी संकोच आणि नागपुरी आग्रह यांच्यात मी झोके खात राहिलो. शेवटी काकूंची छोटी देवयानी वैतागली. "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट शेअर?"

सगळे हसत सुटले. देवघरात रामाचा फोटो आला. काकूंनी माझ्यात निरांजन लावलं आणि म्हणाल्या, "बसा फरीदे, पहिलं औक्षण तुमचं."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्यावरच्या राजाला हळूच बोट लावलं. तेव्हापासून सणावारी मी काकूंकडे ओवाळतो आणि नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, बाईंकडे सफरचंदं मिरवतो. मला दोन घरं मिळाली!

मित्रांनो, जुन्या वस्तू घासा, वापरा, त्यांची गोष्ट विचारा. आम्हाला खऱ्या नावानं ओळखून मग घरात ठेवलंत, तर आम्हाला देव्हाराही नको.