बारावा सांधा

मी हवा मोजणारी पेटी बोलतेय. पत्र्याची, चौकोनी, एखाद्या प्रवासी बॅगेएवढी. विद्यापीठात नवीन आलेला प्रत्येक जण मला आधी बॅटरीच समजतो. समजू दे. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे किती भाग आहेत हे मी दर सेकंदाला सांगते, आणि त्यात एका भागाचीही चूक करत नाही. गर्व म्हणा हवं तर. आहेच मला.

कारखान्यात महिनाभर कधी तापवून, कधी गारठवून माझी परीक्षा घेतली, तेव्हा कुठे मला बाहेर सोडलं. विद्यापीठात आले तेव्हा खोक्यातून मला प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी स्वतः काढलं. कोणाला हात लावू दिला नाही. मग दोन इंजिनांच्या एका लहानशा विमानात, मागच्या सीटसमोर, मला आवळून बसवलं. विमानाच्या नाकाशी एक नळी होती. ती बाहेरची हवा ओढायची आणि वळणं घेत माझ्यापर्यंत आणायची. नळीतून येईल ते मोजायचं, एवढंच माझं काम. कुठून आलं ते विचारायचं नाही.

दोन वर्षांनी ती आली, पीएचडी करायला. पायलट पहिल्या दिवसापासून तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला.

"अहो, अजून व्हायचीय मी," ती म्हणायची.

"व्हाल हो. आधी पिशवी जवळ ठेवा."

पिशवीचं त्याने बरोबर ओळखलं होतं. विमान वर जाईपर्यंत ती ठीक असायची. पण तीन हजार मीटरवर गेल्यावर आम्हाला गोल गोल फिरत मोजमाप घ्यायचं असे, आणि पहिल्याच फेरीत बिचारीला विमान लागायचं. गुडघ्यांत डोकं घालून, पिशवी तोंडाशी धरून ती धापा टाकत बसायची. तरी एक हात कीबोर्डवर असायचाच. असली चिवट पोरगी मी दुसरी पाहिली नाही. माझा जीव जडला तिच्यावर.

आमच्याकडे उड्डाणाआधीची एक पद्धत आहे. नळी जिथे जिथे जोडलेली असते, त्या प्रत्येक सांध्यावर जवळून फुंकर मारायची. माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. सांधा गळका असेल तर तो आत ओढला जातो आणि माझा आकडा टुणकन वर उडतो. असे अकरा सांधे होते. त्यांची यादी प्लॅस्टिकमध्ये बंद करून दारावर चिकटवलेली होती. ती रोज यादी वाचत, विमानभर रांगत, अकरा फुंकरा मारायची. पायलट म्हणायचा, "एवढं फुंकलं असतं तर चूल पेटली असती."

तिसऱ्या वर्षी तिच्या सीटखाली नवी बॅटरी बसवायची होती आणि नळी आड येत होती. तिने नळी कापली, बाजूने वळवली, पुन्हा जोडली. सांधे झाले बारा. यादी मात्र अकराचीच राहिली. प्लॅस्टिक कोण फाडणार?

त्यानंतरच तो 'थर' सापडला. तीन हजार मीटरवर माझा आकडा चढायचा, खाली आलं की उतरायचा. आठ उड्डाणांत आठही वेळा. सर हरखून गेले. एवढ्या उंचीवर हा वायू साठतो कसा, यावर दोघांनी शोधनिबंध लिहिला आणि तो एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारलाही. तिची शिष्यवृत्ती संपायला तीन महिने उरले होते. सगळा प्रबंध त्या थरावर उभा होता. तिने आईला फोन केला तो माझ्यासमोरच. "आई, झालं गं माझं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

मला सगळं ठाऊक होतं का? नाही हो. मला आकडे कळतात. ते कोणाच्या छातीतून आले हे मला कसं कळावं?

मग एकदा ती तापाने आजारी पडली आणि तिच्या जागी सर आले. सरांना विमान लागत नाही. ताठ बसून चहा प्याले. त्या दिवशी थर नव्हता.

"हवा रोज सारखी थोडीच असते," सर तिला म्हणाले. पण पुढच्या उड्डाणात तिने उलटीची गोळी घेतली. तीन हजार मीटरवर पोहोचल्यावर आधी बराच वेळ ताठ बसून राहिली. माझा आकडा स्थिर. मग नेहमीसारखी गुडघ्यांत वाकली आणि सीटखालच्या त्या सांध्यावर सावकाश श्वास सोडला. आठ सेकंदांनी माझा आकडा चढला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आज आपण चुकायला हवं होतं.

विमान उतरल्यावर ती सरळ सरांच्या खोलीत गेली. हे मला नंतर पायलटने सांगितलं. म्हणजे तो तंत्रज्ञाशी बोलत होता, मी ऐकत होते. तो तिची बॅग द्यायला गेला आणि दारातच अडकला.

"सर, तो थर नाहीये. तो माझा श्वास आहे."

सरांनी आलेख पुन्हा पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "हे कोणाच्या लक्षात आलं नसतं."

"नसतं आलं. म्हणून तर सांगतेय. सांधा मीच केला होता सर, आणि यादीत घातला नाही."

"यादी माझी होती," सर म्हणाले. "विमानही माझं. बस तू." आणि निबंध मागे घेण्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, चुकीखाली स्वतःचं नाव आधी घातलं.

विभागाने कुरकुर करत सहा महिने वाढवून दिले. सांधा बदलला. आम्ही आणखी दहा वेळा वर गेलो. दहाही वेळा माझा आकडा जागचा हलला नाही. तिने प्रबंधात तेच लिहिलं: तिथे थर नाही, आणि आम्ही कुठे फसलो ते असं. परीक्षकांनी तीन तास पिळून काढलं तिला. पण झाली ती डॉक्टरीणबाई. आता दूरच्या एका संस्थेत काम करते. जाण्याआधी येऊन तिने माझी धूळ अडवणारी गाळणी बदलली. मला पुन्हा कोणी उडवणार नाही हे तिला माहीत होतं, तरी बदलली.

माझ्या जागी नवी, माझ्या निम्म्या आकाराची पेटी आली आहे. मी सध्या कपाटावर आहे. पुढच्या आठवड्यात मला मोडीत काढणार म्हणे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही, खूप उडून झालं. एवढंच सांगणं आहे: माझ्यातली नोंद पुसण्याआधी ती शेवटची दहा उड्डाणं कुठेतरी जपून ठेवा. उघडून पाहाल तर नुसती आडवी रेघ दिसेल. यात काहीच नाही म्हणून फेकून देऊ नका. ती रेघ काढायला त्या पोरीला हातात आलेलं सगळं सोडावं लागलं होतं.