एक नंबर मोठा

मी एक जुना निळा बूट आहे, धावण्याचा. खरं म्हणजे आम्ही दोघं आहोत, पण डावा जन्मापासूनच घुमा. तो कधी तोंड उघडेल याची वाट पाहत बसलो तर आमची गोष्ट तशीच राहून जाईल, म्हणून उजव्यानंच बोलायचं ठरवलं आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रानं माझी जाळी विणली, साच्यातून जाड, मऊ सोल निघाला आणि एका बाईनं मला हातात धरून वाकवून पाहिलं. मग माझ्या अंगावर 'वायुवेग' हे कंपनीचं नाव उमटलं. त्या नावाचा काय तोरा होता म्हणून सांगू! दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर, थेट दिव्याखाली आमची जागा. खालच्या फळीवर फुटबॉलचे, तळाला खुंट्यांसारखे स्टड असलेले बूट होते. मैदानात ते पाय रोवून उभे राहत, पण फरशीवर आले की त्यांची नुसती खडखड. त्यांच्या शेजारी रोजच्या चालण्याचे काळे बूट, सगळ्यांशी जुळवून घेणारे आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात न राहणारे. अगदी तळाशी बॅडमिंटनच्या बुटांचा एक जोड होता, बुटका आणि पातळ सोलाचा. त्याच्यावर 'चकोर' असं लिहिलेलं होतं. ही कंपनी कोणाच्या ऐकण्यात नव्हती. मी तर त्याच्याकडे पाहून नाकच मुरडायचो.

एका दुपारी एक आई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. आई केस कापण्याच्या दुकानात कामाला होती. मुलगी बॅडमिंटन खेळायची आणि कोर्टावर गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

दुकानदार काकांनी चकोर पुढे केला. "ताई, बॅडमिंटनला हे बघा. कोर्टासाठीच असतात."

आईनं तो उलटापालटा करून पाहिला. "हे? किती पातळ आहेत हो! पोरगी नुसती उड्या मारत असते. आणि कंपनी तरी कोणती ही?" मग तिची नजर वर गेली. "ते निळे काढा. वायुवेग म्हटलं की बघायलाच नको."

"अहो, ते धावायचे आहेत."

"मग ही काय कोर्टावर बसून राहते?"

काकांनी हात टेकले.

या मायलेकींच्या घरात एक पद्धत होती. बूट नेहमी एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढच्या टोकात कापूस कोंबायचा. आई खाली गुडघ्यावर बसली, मला भिंगरीच्या पायात घातलं आणि अंगठ्यानं माझं टोक दाबून पाहिलं. "जागा आहे. वाढता पाय आहे, पुढे कामाला येतील." भिंगरीचा पाय वाढायचा केव्हाच थांबला होता, पण आईची सवय काही थांबली नव्हती. खाली बसलेल्या आईच्या पायात टाचेशी झिजलेल्या चपला होत्या. त्या मला दिसल्या, पण तेव्हा मी आपल्याच कौतुकात होतो.

सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. मैत्रिणी भिंगरीच्या पायांकडे पाहत आणि मी भाव खाऊन घेई. पण मित्रांनो, मी सरळ पुढे पळणारा प्राणी. टाच टेकली की धक्का झेलायचा आणि पायाला पुढे ढकलायचं, एवढंच मला येतं. बॅडमिंटनमध्ये सारखं आडवं पळावं लागतं, झटकन थांबावं लागतं. माझा उंच, मऊ सोल आडव्या पावलाला कलायचा आणि आत रिकामी जागा असल्यामुळे पाय सरकायचा.

प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "बूट बदल गं हे."

"आईनं हौसेनं घेतलेत हो, बाई," भिंगरी म्हणाली.

आणि एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. कोपऱ्यात पडणारं शटलचं फूल उचलायला भिंगरी आडवी झेपावली. तिचा पाय माझ्या आत सरकला, माझा सोल एका बाजूला कलंडला आणि तिचा घोटा मुरगळला. ती कळवळून खाली बसली. मला फार वाईट वाटलं.

हाड शाबूत होतं. विश्रांतीनं सूज उतरली, पण भिंगरी कोर्टावर जाईना. क्लबच्या संघाची निवड तोंडावर आली होती. "माझा घोटाच कच्चा आहे," ती म्हणायची. "आडवं पाऊल टाकायचं म्हटलं की पाय पुढेच होत नाही." आईनं तिला परत दुकानात नेलं आणि मुकाट्यानं चकोर घेतला, या वेळी नेमका तिच्या मापाचा. तो खोक्यात तसाच पडून राहिला. मी चपलांच्या कपाटात, सगळ्यांच्या मागे, धूळ खात राहिलो.

मग एका सकाळी कामावर निघताना आईच्या चपलेचा पट्टा तुटला. तिला उशीर झाला होता. तिनं मला बाहेर ओढलं, कापूस काढून टाकला आणि पाय आत घातला. दिवसभर ती खुर्चीमागे उभी राहून लोकांचे केस कापत होती आणि मी तिच्या टाचांखाली होतो. उभं राहून तिचे पाय संध्याकाळपर्यंत सुजत. त्या सुजलेल्या पायांनी माझ्यातली सगळी रिकामी जागा भरून काढली. भिंगरीला जास्त झालेला तो एक नंबर आईचाच होता.

"अगंबाई!" ती शेजारच्या खुर्चीवाल्या बाईला म्हणाली. "आज टाचा आपल्या आहेत की नाहीत, तेच कळत नाहीये." मला इतका आनंद वरच्या फळीवरसुद्धा झाला नव्हता.

निवडीच्या संध्याकाळी आई कामावरून थेट क्लबवर आली. माझ्या जाळीत केसांचे बारीक तुकडे अडकलेले होते. भिंगरी चकोर घालून कोर्टाच्या कडेला उभी होती, पण आत जात नव्हती. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"आई, तू हे घातलेस?"

"रोज घालते हल्ली. दिवसभर उभी असते, पण पाय कुरकुरत नाहीत." आई तिच्या शेजारी बसली. "बूट वाईट नव्हते गं, आणि तुझा घोटाही कच्चा नाही. मी ज्याचं काम त्याला दिलं नाही, एवढंच झालं."

भिंगरीनं लेस पुन्हा घट्ट बांधली आणि ती आत गेली. पहिलं आडवं पाऊल तिनं जपून टाकलं. चकोर फरशीला धरून राहिला, तसूभरही कलला नाही. दुसरं पाऊल तिनं मोकळं टाकलं. ज्याला पाहून मी नाक मुरडलं होतं, त्याच्याकडे मी जीव मुठीत धरून पाहत होतो. त्या दिवशी तिची निवड झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी कोणी न सांगताच ती सरावाला गेली आणि पुढच्या खेपेला संघातही आली.

मी आईच्या पायात बरीच वर्षं काढली. माझा सोल दबला, जाळी फाटली, तरी आईचं एकच पालुपद, "चालतील अजून." शेवटी भिंगरीनं ऐकलं नाही. आईचं काम सुटायच्या वेळेला ती तिथे गेली आणि तिला तशीच दुकानात घेऊन आली. काकांनी स्टूल पुढे केलं. आई आजवर त्याच्यावर कधी बसली नव्हती. ती पाय मागे घेत म्हणाली, "अगं राहू दे, मळलेत." भिंगरी खाली गुडघ्यावर बसली. तिनं मला हळूच काढलं, नवा बूट आईच्या पायात घातला आणि अंगठ्यानं टोक दाबून पाहिलं.

"काका, एक नंबर मोठा दाखवा," ती म्हणाली. "संध्याकाळी पाय सुजतात तिचे."

आता मला फक्त जिना धुताना घालतात. माझी तक्रार नाही. मित्रांनो, बूट घेताना कंपनीचं नाव जरूर वाचा, पण आपण काय खेळणार आहोत, कुठे उभे राहणार आहोत, ते आधी पाहा. आम्ही भिजलो तर सावलीत वाळवा, लेस न सोडता ओढून काढू नका. आणि एवढं माझं ऐका. स्टुलावर बसून पाय पुढे कराल, तेव्हा तुम्हाला बूट घालायला जे माणूस खाली बसलं आहे, त्याच्या पायात काय आहे तेही एकदा बघा.