पद्माकरचे उपास

पद्माकरची दारू सुटली तेव्हा वीणाने जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत दूधपावडरचे पेढे वाटले. तो पितो हे तोवर त्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं, पण आनंदाच्या भरात तिला त्याचं भान राहिलं नाही. बारा आठवडे क्लिनिकमध्ये काढून नवरा शुद्धीवर घरी आला होता. ही २००४ सालची गोष्ट.

पहिल्याच सोमवारी त्याने उपास धरला. वीणाने हौसेने साबुदाणा भिजवला. पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "देवानेच बुद्धी दिली गं त्याला." मग गुरुवार आला, संकष्टी आली, दोन्ही एकादश्या आल्या. मग साबुदाणा सुटला, फळं सुटली, दूधही सुटलं. प्यायला बसला की हा गडी कधी एका पेल्यावर थांबला नव्हता, तो एका उपासावर कसला थांबतोय! कौतुकाला सासूबाई होत्या, आणि खरं सांगायचं तर वीणाही होतीच. दारुड्याची बायको म्हणवून घेण्यापेक्षा हे बरंच बरं होतं.

फेब्रुवारीत डॉक्टरबाईंनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं आणि वीणाला विचारलं, "हे जेवत का नाहीत?" नवऱ्याला पुन्हा क्लिनिकमध्ये धाडतील या धास्तीने वीणा म्हणाली, "आमच्या धर्मात असतं तसं." धर्म म्हटल्यावर त्या भल्या बाईने उलट माफी मागितली आणि विषय सोडून दिला. त्या एका वाक्याबद्दल वीणा स्वतःला आजही शिव्या घालते.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी पद्माकर जिन्यात बसला तो उठेचना. घर काय, दुसऱ्या मजल्यावर. वीणाने बखोटीला धरून वर आणलं, तर हाताला नुसती हाडं लागली. तिने वरणभात कालवला, वर तूप सोडलं आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.

"आज नको."

"मग कधी? अहो, मराल अशाने."

"तुला नाही कळायचं. डोकं कसं हलकं होतं, लख्ख होतं. एक घास घेतला की गेलं सगळं."

वीणा ताट तसंच ठेवून उठली. रविवारची दुकानं बंद, म्हणून ती कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर गेली आणि बिअरची बाटली व खारे शेंगदाणे घेऊन आली. बाटली तिने स्वतः उघडली, पेला भरला, त्याच्यापुढे ठेवला.

"प्यायचात तेव्हा निदान शेंगदाणे खायचात. वर दोन पोळ्या जायच्या पोटात. घ्या. मी काही म्हणणार नाही."

पद्माकरने पेल्याकडे पाहिलं आणि दोन बोटांनी तो अलगद बाजूला सारला. त्याने असा पेला सारावा म्हणून वीणाने दहा वर्षं नवस बोलले होते.

"आज एकादशी," तो म्हणाला. "निर्जळी आहे माझी."

आणि तो हसला, अगदी तृप्त. ते हसू पाहिलं आणि वीणाला कळून चुकलं, की हा माणूस आता आपल्या हाती लागत नाही.