दोन टाक्या, दोन पोर्ट

धाकट्याने तो तळहाताएवढा संगणक भिंतीवर चढवला, तेव्हा थोरल्याची छाती फुगली होती. रंगाच्या कारखान्यात टाक्या आतून घासायचं काम थोरल्याचं. उतरण्याआधी आत गॅस आहे का ते कळावं, म्हणून दोन टाक्यांत दोन मीटर बसवायचे आणि त्यांचे आकडे स्क्रीनवर आणायचे. मालकाच्या मागे लागून हे काम त्यानेच भावाला मिळवून दिलं होतं.

दोन मीटरच्या दोन वायरी, संगणकात त्या जोडायला दोन सिरियल पोर्ट. त्यात एक गोम असते. चालू होताना संगणकाला जी वायर आधी सापडते ती पहिली, मागून सापडते ती दुसरी. आजची पहिली उद्या दुसरी होऊ शकते. म्हणून प्रत्येक वायरीला तिच्या खुणेवरून कायमचं नाव बांधून द्यायचं असतं. धाकट्याला हे पाठ होतं. पण आकडे बरोबर येत होते, चालत्या गाडीला खीळ कोण घालतो? नंतर बघू, म्हणाला. या 'नंतर'ला कधी उगवायची सवयच नाही.

एका सकाळी वीज गेली, आली, आणि संगणक पुन्हा सुरू झाला. पहिली टाकी कालच धुऊन झाली होती. आज दुसरीची पाळी. भावाचं यंत्र असताना कमरेला दोर कशाला, असं म्हणत थोरला झाकणापाशी उभा राहिला.

"उतरू का रे?"

धाकट्याने स्क्रीन पाहिली. दुसऱ्या टाकीपुढे शून्य होतं.

"उतर, दादा."

मग त्याची नजर वरच्या, पहिल्या टाकीच्या ओळीवर गेली. धुतलेल्या, कोरड्या टाकीत गॅस भरलाय, असं स्क्रीन सांगत होती. हाका मारत तो धावला. आतून ओ आली नाही. दोघा कामगारांनी त्याला धरून ठेवलं नसतं तर तोही आत गेला असता, आणि उगाच धरलं असं त्याला आजही वाटतं.

यंत्र बिघडलं, असं मालक म्हणाला. घरी भेटायला आलेले सगळे तेच म्हणाले. धाकटा मान खाली घालून ऐकत राहिला. यंत्र कुठलं बिघडायला? दोन्ही आकडे अगदी खरे होते, फक्त एकमेकांच्या जागी बसले होते.

माणसं पांगल्यावर वहिनी त्याच्यासमोर येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भाऊजी, तुम्हाला विचारल्याशिवाय तर ते उतरले नसतील ना?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी उतर म्हणालो, वहिनी."