पाहुण्यांना वाढणारी पळी

मी पळी बोलतेय. रानबैलाच्या शिंगाची, हातभर दांड्याची, एका खेपेत वाडगा भरणारी. आवाज जरा घोगरा वाटेल. अकरा हिवाळे उकळत्या रश्श्यात बुडून काढा, तुमचाही होईल.

ओरवाने मला गरम पाण्यात मऊ केलं, गुडघ्याखाली दाबून वाकवलं आणि गारगोटीच्या पात्याने खरवडलं. त्यात सात दिवस गेले. सातही दिवस तिचा भाऊ ब्रेग येऊन म्हणत होता, "अक्का, इतके दिवस हाताने घेऊन खाल्लं, तेव्हा काय बिघडलं?" आठव्या दिवशी वाडगा पुढे करणाऱ्यांत पहिला तोच.

नदीवरच्या कड्याखाली आमचं बिऱ्हाड, एकोणीस माणसांचं. ब्रेग म्होरक्या, म्हणजे मोठ्याने बोलायचं काम त्याचं. वाढायचं काम ओरवाचं, म्हणजे खरा कारभार तिचा.

आमची रीत अशी की पाहुण्याला आधी वाढायचं आणि तो वाडगा पालथा घालेपर्यंत वाढत राहायचं. पालथा वाडगा म्हणजे पोट भरलं. पण तो पालथा घाल, असं पाहुण्याला कधी सांगायचं नाही. भर बर्फात 'ऊठ, चालू लाग' म्हणण्यासारखंच ते. या रितीचा आमच्या माणसांना भारी अभिमान. शेजारच्या खोऱ्यात पाहुण्याला उरलंसुरलं देतात, हे सांगताना ब्रेगची छाती फुगायची. आमच्याकडे पाहुणे वर्षातून एकदा यायचे आणि दोन दिवसांत जायचे, हे मात्र तो सांगत नसे.

त्या वर्षी खिंड वीस दिवस आधीच बुजली आणि समुद्राकडून शिंपले घेऊन आलेली तिघं आमच्या बाजूला अडकली. हाको, त्याची बायको इल्मा आणि धाकटा भाऊ युर्त. बर्फ वितळेपर्यंत परतीची वाट नाही.

समुद्राकडची माणसं फार सभ्य. वाढलेलं सगळं संपवायचं, वाडगा बर्फाने घासून लख्ख करायचा आणि तोंड वर करून समोर ठेवायचा, ही त्यांची चांगली वागणूक. वाडगा ते एकाच ठिकाणी पालथा घालतात, मेलेल्याच्या उशाशी. तेव्हा ती तिघं वाडगे लख्ख करून ठेवायची आणि मी भरायचे. ती पुन्हा संपवायची, मी पुन्हा भरायचे.

"दादा, आता एक घास गेला तर सगळं बाहेर येईल," युर्त घामाघूम होऊन म्हणायचा.

"गीळ. त्यांना वाईट वाटेल."

इकडे ब्रेग ओरवाच्या कानाशी लागायचा. "अक्का, समुद्राच्या माणसांना पोट एकच असतं ना गं?"

एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती. मला दोन्ही कळायच्या, पण पळीला कोण विचारतो?

ती तिघं आली त्या दिवशी कपारीत रेनडियरच्या सत्तावीस मांड्या टांगलेल्या होत्या. तिसरा चंद्र भरला तेव्हा पाच उरल्या. कळप लांब गेलेले. शिकारी रोज जायचे आणि रोज पाय आपटत परत यायचे. मग आमच्या माणसांनी आपापले वाडगे, पातेल्यावरचं झाकण निघायच्या आधीच पालथे घालायला सुरुवात केली. पहिला ओरवाचा, मग म्हाताऱ्यांचे, मग शिकाऱ्यांचे.

इल्मा ते बघत होती. तिला वाटलं, या घरात रोज कुणीतरी मरतंय. एके दिवशी ती केस मोकळे सोडून ओरवाशेजारी बसली आणि तिने गळा काढला.

"हिला काय झालं?" ओरवाने विचारलं.

"जास्त झालं असेल," ब्रेग म्हणाला.

मग नेस्ताने वाडगा पालथा घातला. नेस्ता ओरवाची लेक, पाच महिन्यांची मुलगी तिच्या अंगावर पीत होती.

"तू नको गं," ओरवा म्हणाली. "तुला दोन जिवांचं खायचंय."

"सगळे उपाशी बसणार आणि मी एकटी गिळू? मामाला म्हणावं, पाहुण्यांना सांग."

ब्रेग ताठ झाला. "पाहुण्याला पुरे म्हणू? त्यापेक्षा कड्यावरून उडी टाकतो."

"टाक," ओरवा म्हणाली. "तेवढंच एक तोंड कमी."

"तुमच्या मोठेपणाला दूध सुटत नाही, मामा," नेस्ता म्हणाली. त्यावर ब्रेग बाहेर जाऊन बराच वेळ आकाश बघत उभा राहिला. म्होरक्याला तेवढी सोय असते.

मुलगी चार दिवस रडली. पाचव्या दिवशी रडायची थांबली. तेव्हा इल्मा उठली, तिने नेस्ताच्या पालथ्या वाडग्याकडे बघितलं, पातेल्यात डोकावली, आणि तिला सगळं कळलं.

त्या तिघांच्या अंथरुणाखाली सीलच्या कातड्याची एक शिवलेली पिशवी होती. आत सुकी मासळी, खिंडीतल्या आठ दिवसांच्या वाटेपुरती. त्या दुपारी मी शेजारच्या दगडावर वाळत पडले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"अहो, ते आपल्या वाट्याचं नव्हतं. त्यांच्या तोंडचं काढून आपल्याला देतायत," इल्मा म्हणाली. "पिशवी काढा."

हाकोच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. त्याला रडू लवकर यायचं. वाटेत पंख मोडलेलं पाखरू सापडलं तेव्हाही तो रडला होता, आणि नंतर त्याने ते भाजून खाल्लं होतं. "दया मलाही येते गं. पण मासळी दिली तर आपण खिंडीत मरू. मेलेला माणूस दया कशी करणार?"

"जिवंत असताना काय केलीत?"

"करतो की." हाको उठला आणि नेस्ताच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घालून आला. नेस्ताने त्यातला एक शिंपला चावून बघितला.

त्या दिवशी जेवणाला ओरवाने मला भरून इल्मापुढे नेलं. तिने वाडगा उचलला आणि पालथा घातला. मी भरलेली तशीच अधांतरी राहिले.

"वहिनी, अगं उचल तो!" युर्त ओरडला.

हाको पांढराफटक पडला. "मेलीस तू. समुद्राकडे आता तुझं नाव कुणी काढणार नाही."

"मेले ना? मग मेलीचा वाटा मी कुणालाही देईन."

तिने पिशवीची शिवण टरकावली, दोन्ही हातांत मावेल तेवढी मासळी उपसली आणि पातेल्यात टाकली. उरलेल्या पिशवीवर हाको आडवा झाला. इतक्या चपळाईने हलताना मी त्याला तोवर बघितलं नव्हतं.

त्या रश्श्याचं कौतुक वगैरे कुणी केलं नाही. "हे मासे मेल्यावर किती दिवसांनी पकडतात?" ब्रेगने विचारलं. नेस्ता मात्र न बोलता चार वाडगे जेवली. दुसऱ्या दिवसापासून इल्माने नवऱ्याचा आणि दिराचा वाडगा एकदा भरला की उचलून न्यायला सुरुवात केली. ती स्वतः पाहुणी, त्यामुळे आमची रीतही मोडली नाही, आणि ब्रेग लगेच समुद्राकडच्या वळणाची तारीफ करायला मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी मुलगी रडली. इतकं बेसूर रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. ओरवा पुढ्यातलं काम सोडून ते ऐकत बसली.

बर्फ वितळल्यावर हाको आणि युर्त पिशवी घेऊन गेले. मेलेल्या बाईला बरोबर नेता येत नाही, आणि मासळीही दोघांनाच जेमतेम पुरणार होती. ओरवाने तोवर वाडगा फार दिवस पालथा ठेवला होता. नवं गवत दिसायच्या आधी ती गेली. जाण्यापूर्वी तिने मला इल्माच्या हातात दिलं.

"परक्या बाईला?" ब्रेग कुरकुरला.

"तू वाढतोस?" ओरवाने विचारलं. ब्रेगला तेवढ्यात काहीतरी आठवलं आणि तो निघून गेला.

या उन्हाळ्यात, म्हणजे त्यानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात, समुद्राकडचा एक माणूस शिंपले घेऊन आला. त्याने सांगितलं की तिकडे किनाऱ्यावर इल्माचं थडगं आहे. हाको लोकांना तिथे नेतो आणि रडतो. डोंगरातल्या कंजूष माणसांनी त्याच्या बायकोला उपाशी मारलं, आणि त्याने स्वतःच्या तोंडची शेवटची मासळी तिला भरवली, असं सांगतो. सगळे त्याला दयाळू हाको म्हणतात. जाळ्यातला पहिला मासा त्यालाच देतात.

इल्माने सगळं ऐकून घेतलं. "थडगं मोठं आहे का?"

"हो, चांगलं कमरेएवढं."

"बरं," ती म्हणाली आणि तिने मला बुडवून त्याचा वाडगा भरला.

माझी आता एक कड झिजलीये, मधोमध चीर गेलीये. वाढताना थोडा रस्सा गळतो. इल्माने नवं शिंग भिजत घातलंय, ते मी बघितलंय. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. नेस्ताच्या मुलीला अजून नाव नाही. आमच्यात पोराने पाच हिवाळे काढले की मगच नाव ठेवतात, आणि तिचा पाचवा आता येतोय. तेवढा एक हिवाळा तिला मी वाढेन. मग मला खुशाल चुलीत घाला. शिंग जळताना घाण वास येतो, तेवढा सोसा.