मोलकरणीचं गाणं

मृणालिनीबाई तीस वर्षं मुलुंडमध्ये गाण्याचा क्लास चालवत होत्या. त्या रविवारी तिकीट काढून त्या ऑपेरातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला गेल्या, ते स्वरदाची फजिती डोळ्यांनी बघायला. नऊ वर्षं त्यांच्याकडे ख्याल शिकलेली ही मुलगी सहा वर्षांपूर्वी पाश्चात्त्य गाण्याकडे वळली. तेव्हापासून त्यांनी तिचं नावही टाकलं होतं. सोबत त्यांचे जुने तबलजी श्यामसुंदर होते आणि क्लासातल्या चार मुली.

सकाळी अकराला पियानो सुरू झाला आणि स्वरदा डोक्याला फडकं बांधून, हातात झाडू घेऊन आली. जुन्या इटालियन विनोदी ऑपेरातलं गाणं होतं. म्हातारा मालक मोलकरणीशी लग्न करायला निघालाय आणि ती त्याची टर उडवतेय, एवढं निवेदिकेनं सांगितलं होतं.

"झाडू घेऊन गाणं म्हणे!" मृणालिनीबाई पुटपुटल्या.

पहिल्या ओळी साध्या होत्या. मग मोलकरीण मालकाची नक्कल करू लागली. धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखी स्वरदा मध्येच अडखळली आणि त्या अडखळण्यातूनच तिची तान सुटली. वरच्या टोकापासून थेट खाली, दाणा न् दाणा वेगळा. लोक खदखदून हसले. ओळ परत आली तेव्हा तीच तान तिनं सावकाश, लाडीगोडीनं घेतली. आता ती म्हाताऱ्याला चिडवत नव्हती, गुंडाळत होती. शेवटचा वरचा सूर तिनं इतका बारीक धरला, की मृणालिनीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्या चूक शोधत होत्या. सापडली नाही, म्हणून त्यांना तिचा आणखीच राग आला.

मध्यंतरात त्या रंगपटात गेल्या. स्वरदा पाणी पीत होती. उठली नाही.

"कशाला आलात, ताई?"

"ऐकायला. चांगलं गायलीस."

"बरं."

"बरं काय? मी उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही."

"माहितीये. नऊ वर्षांत मला एकदाही म्हणाला नाहीत. आणि हाकललंत ते पंधरा पोरींसमोर. 'हिला किंचाळायचंय, हिच्या हातातला तानपुरा काढून घ्या.' माझी आई बाहेर उभी होती, तिनंही ऐकलं. आज कौतुक करायला मात्र दार लावून घेतलंत."

मृणालिनीबाईंनी मागे पाहिलं. दार खरंच त्यांनीच लावलं होतं.

"माज आलाय तुला."

"आलाय. जा आता, पुढचं गाणं आहे माझं."

बाहेर चहाच्या टेबलापाशी श्यामसुंदर मुलींना हसवत होते. "काय ती किंकाळी! मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी."

"गप्प बसा, श्यामराव!" मृणालिनीबाई इतक्या जोरात म्हणाल्या, की चहाची रांग वळून बघायला लागली. "तशी तान या चौघींना जन्मात यायची नाही. मलाही आली नाही. मी तिला हाकललं, ती माझी चूक."

श्यामसुंदरांचा चेहरा उतरला. "मुलींसमोर काय हे, ताई?"

"मुलींसमोरच."

स्वरदा बाटली भरायला बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं. मृणालिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ती जवळ आली नाही की हसली नाही.

"फार उशीर केलात," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

श्यामसुंदर रिक्षा करून घरी निघाले. दोन मुलीही त्यांच्याबरोबर गेल्या. घंटा झाली तशा मृणालिनीबाई आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या.